पॅडच्या कडेवरची दोन अक्षरं

परवा पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. एक साडेसहाशेचं, एक अकराशेचं, एक अठराशेचं. "कुठलं देऊ?" मी विचारलं, तिन्हींत फरक काय? तो म्हणाला, "किमतीचा." मग विचारलं, हे साडेसहाशेवालं कशाचं बनवलंय? माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "ब्रेक पॅडचंच की, दादा!"

हसू आलं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. ब्रेक पॅड कशाचा असतो, हे गिऱ्हाईकाला माहीत असायला हवं की नको? या एका प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझी गाडी १.७ टन पासिंगची. ओतूरकडून माल भरायचा, माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत वाशीला पोचायचं. टोमॅटोच्या हंगामात रोज रात्री अशा शेकडो गाड्या हा घाट उतरतात, आणि त्यातल्या किती १.७ टनावर थांबतात ते मी इथे लिहीत नाही, समजून घ्या. पण कायद्यात बसेल एवढाच माल धरू. गाडी आणि माल मिळून ३,४०० किलो. घाटात उतार समजा ५०० मीटरचा. शाळेतलं गणित आहे: वजन, गुरुत्वाकर्षण, उंची. उत्तर येतं साधारण १ कोटी ६७ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत ५० लिटरच्या वर गार पाण्याला उकळी येईल. म्हणजे न्हाणीघरातले आपले दोन बंब! त्यातली काही उष्णता इंजिन गिअरमध्ये खातं, काही वारा खातो. उरलेली जाते तळहाताएवढ्या चार पॅडांत आणि मागच्या ड्रममधल्या लायनरांत. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरणारे शहाणे इंजिनाचा वाटाही पॅडांच्याच गळ्यात मारतात.

उतारावर ओझं कसं रोखायचं, हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. आजोबांच्या बैलगाडीला चाकाच्या लोखंडी धावेवर दाबणारा एक लाकडी दांडा होता. लाकूड जळायचं, गुळगुळीत व्हायचं, मग धरायचं नाही. आजोबांनी त्यावर फाटक्या टायरचा तुकडा ठोकला होता. मला लहानपणी वाटायचं की हा शोध आजोबांचाच.

तो त्यांच्या आधी एका बाईने लावला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सगळीकडे सांगितला जातो. उतारांवर गाडीचे लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगचा इतिहास इथून सुरू होतो. मोटारीचं श्रेय कार्ल बेंझला मिळालं, ते बरोबरच आहे. पण मोटार थांबवण्याचा विचार बर्थाबाईंना करावा लागला, कारण चालवत त्या होत्या.

आपल्याकडे त्याच्या २५ वर्षं आधी, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. चढ ३७ फुटाला १ फूट. त्या इंजिनियरांबद्दल मला एक गोष्ट फार आवडते: ब्रेक लागतीलच असं त्यांनी धरलंच नाही. घाटात त्यांनी कॅच सायडिंग ठेवल्या, म्हणजे चढावर जाणारे आंधळे फाटे. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवेल, तर तिला पुढचा मार्ग मिळेल. नाही थांबली, तर ती आपोआप त्या फाट्यावर चढेल आणि दम तुटून उभी राहील. सांगायचा मुद्दा, घाटात काम केलेला माणूस ब्रेकवर विश्वास ठेवत नाही. पुढे मोटारी आल्या, डांबरी रस्ते आले आणि सगळा भरवसा त्या चामड्याच्या तुकड्याच्या वारसदारांवर येऊन पडला.

त्या वारसदारांपैकी पहिला मोठा माणूस इंग्लंडमधला हर्बर्ट फ्रूड. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात त्याने शेतकऱ्यांना गाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकताना पाहिलं, असं सांगतात. (चामडं, बूट, टायर: जगभरच्या गरिबांना एकच युक्ती सुचली होती.) १८९७ च्या सुमारास फ्रूडने सुती पट्टा डांबरासारख्या पदार्थात भिजवून ब्रेकला लावला आणि धंदा उभा केला. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक 'ई' घालून त्याने कंपनीचं नाव ठेवलं, फेरोडो. पुढे घाटकोपरला 'हिंदुस्थान फेरोडो' नावाचा कारखानाही निघाला. माझा मामा जुन्या ट्रकचं लायनर हातात घेऊन "फेरोडो हाय" असं म्हणायचा तेव्हा त्यात आदर असायचा.

सुती पट्ट्याची अडचण अशी की साधारण १५० अंशांच्या वर तो करपायचा. मोटारी जड झाल्या, वेग वाढला. मग १९०८ मध्ये फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं विणलेलं लायनिंग आणलं. न जळणारा, कापसासारखा कातता येणारा, स्वस्त दगड. ब्रेकसाठी देवाने बनवल्यासारखा पदार्थ, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक मोटारी ॲस्बेस्टॉसवर थांबल्या.

आता त्याच देशातल्या दुसऱ्या गावात चला. रॉचडेल. नेली केरशॉ ही मुलगी बाराव्या वर्षापासून ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करत होती. नंतर टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात कच्च्या तंतूपासून सूत कातायची. धाप लागायला लागली. काम सुटलं. नुकसानभरपाई मागितली तर कंपनीने हात झटकले. हा रोग कायद्याच्या यादीतच नव्हता. १४ मार्च १९२४ ला ती वारली, वय ३३. अंत्यसंस्काराच्या खर्चाला मदत करायलाही कंपनी तयार झाली नाही, कारण मग पायंडा पडला असता. तिला बिननावाच्या थडग्यात पुरलं. विल्यम कुक नावाच्या डॉक्टरने तिची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. १९२७ मध्ये त्याने रोगाला नाव दिलं: ॲस्बेस्टॉसिस. १९२० च्याच दशकात फ्रूडची फेरोडो आणि नेलीची टर्नर ब्रदर्स एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आल्या.

मग ब्रिटिश सरकारने कारखान्यांची पाहणी करवली. मेरेवेदर आणि प्राइस यांचा १९३० चा अहवाल सांगतो की तपासलेल्या कामगारांपैकी दर चारांतल्या एकाची फुप्फुसं कडक झाली होती. १९३१ मध्ये नियम झाले: धूळ ओढून घ्या, हवा खेळती ठेवा. नियम चांगले होते. पण ते कारखान्यातल्या ठरावीक कामांपुरते होते. लायनर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलं की नियम संपला. कारखान्यात जो पदार्थ धोक्याचा, तोच गॅरेजमध्ये पोचल्यावर नुसता 'माल' झाला.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपन्यांचा युक्तिवाद असा होता, आणि त्यात तथ्य आहे, की ब्रेक लागताना जी प्रचंड उष्णता होते तिने झिजलेल्या धुळीतल्या बऱ्याचशा ॲस्बेस्टॉसची रचनाच बदलते. तो घातक तंतू राहत नाही. मेकॅनिकला नक्की किती धोका, यावर अमेरिकन कोर्टांत वर्षानुवर्षं तज्ज्ञ भांडले. ठीक. पण नवीन लायनरचं काय? ते अजून तापलेलंच नसतं. ते शूवर बसवताना भोकं पाडतात, कडा कानशीने घासतात, ड्रमला नीट बसावं म्हणून पुन्हा घासतात. त्या धुळीचं काय?

हे मला पुस्तकात वाचून सुचलेलं नाही. मामाचं गॅरेज होतं, हायवेला. सुट्टीत मी तिथे असायचो. ट्रकचा ड्रम काढला की मामा हवेच्या पाइपने आतली धूळ उडवायचा. करड्या धुळीचा ढग उठायचा आणि त्यातून मामा हसत बाहेर यायचा, भुवया पांढऱ्या झालेल्या. आम्हा पोरांना गंमत वाटायची. नवीन लायनर रिव्हेट करायचं काम तो स्वतः करायचा, पायात धरून, ड्रिल मारत. शेवटची पाच वर्षं त्याला चार पावलांवर धाप लागायची. टीबीची औषधं दोनदा झाली. बिड्याही ओढायचा. त्यामुळे त्याच्या छातीत काय होतं हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि करायलाही बसलेलो नाही. एवढंच सांगतो की इतक्या दवाखान्यांत फिरलो, पण एकाही ठिकाणी "तुम्ही काम काय करता?" असं त्याला कुणी विचारलं नाही.

आता सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल बघा. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. विषय ॲस्बेस्टॉस कामगारांचाच. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने त्यात सांगितलं. आणि कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. ४० वर्षं का, तर हा रोग वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. फार मोठा निकाल आहे. पण नोंद ठेवायला आधी हजेरीपट लागतो. मामाच्या गॅरेजचा हजेरीपट म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर कुणी किती उचल घेतली तेवढं लिहिलेलं. १९३१ ला रॉचडेलमध्ये कायदा जिथे थांबला होता, साधारण तिथेच तो आपल्याकडेही थांबला.

आपल्या देशात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, म्हणजे क्रिसोटाइलवर, आजही सरसकट बंदी नाही. मोठ्या कंपन्या नव्या गाड्यांत ॲस्बेस्टॉसविरहित पॅड देतात. प्रश्न आहे तो बिननावाच्या खोक्यांचा. आणि यात आपणच मागास आहोत असं समजू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८९ मध्ये बंदी आणली, १९९१ मध्ये उद्योगांनी कोर्टात जाऊन तिचा बहुतेक भाग रद्द करून घेतला. त्या खात्याने मेकॅनिकांसाठी माहितीपुस्तिकाही काढली होती. बाजारात विकल्या जाणाऱ्या सुट्या ब्रेक लायनिंगमधल्या क्रिसोटाइलवर तिथे शेवटी बंदी आली ती मार्च २०२४ मध्ये. नेली गेली त्याला बरोबर १०० वर्षं झाल्यावर.

गंमत म्हणजे माशांना यापेक्षा लवकर न्याय मिळाला. पॅडमधलं तांबं झिजून रस्त्यावर पडतं, पावसाने नदीत जातं आणि त्याने सॅमन माशाची वास घेण्याची शक्ती बिघडते, हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. २०२१ पासून तांबं ५ टक्क्यांच्या खाली, आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या खाली. त्याच कायद्यांनी पॅडवर खूण छापणं आलं. माशांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळे निदान पॅडवर काहीतरी छापून यायला लागलं.

आणि आता त्या तीन खोक्यांकडे येतो, कारण छापलेलं वाचणं हेच आपल्या हातात आहे.

ॲस्बेस्टॉस हटल्यावर पॅडचे ढोबळ तीन घराणी झाली. ऑरगॅनिक, म्हणजे काच, ॲरामिड वगैरे तंतू राळेत बांधलेले. आवाज नाही, थंड असतानाही पकडतात, डिस्क खात नाहीत. पण सतत तापले की ढिले पडतात. हलक्या गाडीला उत्तम. दुसरे सेमी-मेटॅलिक, १९७० च्या दशकात रुळलेले. यात पोलादाचे तंतू आणि लोखंडाची पूड, वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्याहून जास्तीपर्यंत. सकाळी पहिल्या ब्रेकला जरा कुरकुरतात, डिस्कही थोडी झिजवतात, पण उष्णता सोसतात. तिसरे सिरॅमिक, जपानी कंपन्यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेले. शांत, धूळ कमी, महाग. दुकानदार महाग म्हणून सिरॅमिक गळ्यात मारतो, पण भरलेली गाडी रोज घाट उतरवायची असेल तर माझं मत सेमी-मेटॅलिकच. महाग तेच चांगलं असं इथे नाही. मात्र लोखंड उष्णता पुढे कॅलिपरमध्ये ढकलतं, म्हणून ब्रेक ऑइल जुनं ठेवून चालत नाही. ते हवेतलं पाणी पितं, मग लवकर उकळतं आणि पायडल फरशीला टेकतं.

दुसरी गोष्ट, पॅडच्या कडेवर एक लांबलचक नंबर छापलेला असतो. त्यात रोमन लिपीत दोन अक्षरं जोडीने येतात: ईई, एफएफ, जीजी किंवा एफई. ही पकडीची प्रतवारी आहे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं पॅड कडक तापल्यावरचं. घाटवाल्याने दुसरं अक्षर बघायचं. एफई लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, वर टोकावड्याच्या... नाही, चुकलो, टोकावडे खाली आहे, वर वेळखिंडीत... असो, अर्थ असा की घाटाच्या तोंडाशी पकडणारा पॅड घाटाच्या पायथ्याशी तेवढा पकडणार नाही. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते. पॅड किती टिकेल, आत काय आहे, हे ती सांगत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरी. आणि ज्या पॅडवर काहीच छापलेलं नाही, त्याने तर सगळं सांगितलंच.

साडेसहाशेच्या खोक्यातला पॅड मी बाहेर काढून घेतला. एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला रंग, कडा कोऱ्या. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नाही. अकराशेच्यावर एफएफ होतं, कंपनीचं नाव-गाव होतं, "ॲस्बेस्टॉसविरहित" असं छापलेलं होतं. अठराशेचं सिरॅमिक होतं. मी अकराशेचं घेतलं आणि पक्कं बिल मागितलं. दुकानदार म्हणाला, पक्क्या बिलाला दोनशे जास्त पडतील. दिले. लाज नाही सांगायला, आत्तापर्यंतच्या दहा वर्षांत मीही साडेसहाशेवालंच नेत आलो होतो. भाड्यात डिझेल, टोल, हमाली गेल्यावर हातात जे उरतं त्यात साडेचारशेचा फरक जाणवतो. ज्याचं उद्या भाडं लागायचं आहे त्याला इतिहास ऐकवून उपयोग नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच कोरे पॅड काउंटरवर येऊच नयेत, हे काम एकेकट्या गिऱ्हाईकाचं नाही, सरकारचं आहे. हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकायचं नाही असं आपण ठरवू शकलो ना?

गॅरेजमध्ये पॅड बसवायला एक पोरगा आला. सतरा-अठराचा असेल. पुढचे पॅड झाले, मग मागचे ड्रम काढले. सवयीने त्याने हवेचा पाइप उचलला. मी म्हटलं, "थांब जरा." बादलीत पाणी घेतलं, त्यात थोडी साबणाची पूड टाकली आणि फडकं दिलं. ओल्या फडक्याने ड्रम पुसायला त्याला पाच मिनिटं जास्त लागली. मिस्त्री आतून ओरडला, "काय चाललंय रे, गाडी धुतोयस का?" पोरगा माझ्याकडे बघून हसला आणि पुसत राहिला. फडकं पिळलं तेव्हा बादलीतलं पाणी काळं झालं. ते कुठे ओतायचं, यावर आम्ही दोघं थोडा वेळ विचार करत उभे राहिलो.